नळ उघडे ठेवावेत

हॉलंड, मिशिगन
७ ऑक्टोबर २०१२

प्रिय गॅरेट,

आपलं बर्च पॉइंटचं घर सध्या हवेत आहे. खरंच सांगते. जमिनीपासून चार फूट वर, सोळा जॅकांवर, आणि सगळा तळ उघडा. मी वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले. मारिट बाहेरून ओरडत होती, "आई, बाहेर ये आधी! घर पडेल अंगावर!" मी म्हटलं, एकशे अठरा वर्षं नाही पडलं, आज माझाच मुहूर्त कशाला साधेल?

पणजोबांनी रोवलेले देवदाराचे खांब खालून कुजले होते. सुतार बोटाने टोकरून दाखवत होता आणि लाकूड ओल्या केकसारखं निघत होतं. उन्हाळी घरांच्या आपल्या वसाहतीच्या समितीने कळवलं, की एक तर पाया नवा घाला, नाही तर पाडा. मला वाटलं, पाडावं. मारिट म्हणाली, "मग मी झोपायचं कुठे उन्हाळ्यात? शेजारच्या ऑगडेनांच्या गोठ्यात?" ऑगडेनांनी त्यांच्या जुन्या घराचं काय केलंय ते तू पाहायला हवंस. पुढची भिंत काचेची, जमीन खालून गरम होते, आणि दारावर मात्र जुनी पाटी ठेवली आहे. म्हातारा ऑगडेन जिवंत असता तर स्वतःच्याच घराची बेल वाजवून पत्ता विचारला असता. मारिटला तसलं काही नको. तिला घर होतं तसंच हवंय, फक्त सरळ उभं. आता घर तिच्या नावावर आहे, तेव्हा मी उंटावरून शेळ्या हाकणंच बरं.

सुतार कोण आहे, ओळख. आर्वो लाह्ती. वसाहतीचा राखणदार होता ना म्हातारा लाह्ती, त्याचा मुलगा. बापासारखाच. दिवसभरात अकरा शब्द बोलतो, त्यातले चार "बघू या" असतात.

तुला इतक्या वर्षांनी लिहायचं कारण साधं आहे. कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला आईने चिकटवलेली यादी आहे, घर हिवाळ्यासाठी बंद करायची. 'खालचा मोठा नळ बंद करावा. घरातले सगळे नळ उघडे ठेवावेत, म्हणजे पाइपात पाणी उरून गोठणार नाही. गाद्या टांगाव्यात. साखर डब्यात.' आणि बाजूला दर वर्षी बंद करणाऱ्याची सही. १९७९ समोर तुझी सही आहे. आर्वोने विचारलं, हे दार घासून रंगवायचं की ठेवायचं? मी ठेवायला सांगितलं.

त्या वर्षीचं मला काही विचारू नकोस. मी तेव्हा तिथे नव्हते.

पुढच्या मे महिन्यात, अठरा तारखेला, वसाहतीत पाणी सोडतात. त्या दिवशी घर उघडू. तू यावंस असं मला वाटतं. तुझा पत्ता मारिटकडून घेतला. ती तुला नाताळची कार्डं पाठवते हे मला या वर्षी कळलं. घरचे सगळे माझ्यापासून गोष्टी लपवतात, बघ.

तुझी बहीण
लेना


हॉलंड
२५ नोव्हेंबर २०१२

प्रिय गॅरेट,

तुझं कार्ड मिळालं. पुढे निवडुंगाचं चित्र, मागे फक्त तुझी सही. मजकूर शून्य. तरी मी ते खिडकीत ठेवलंय. तिथे ॲरिझोनात तुम्हाला पाइप गोठण्याची भीती नाही, हे तू चित्रातून सांगितलंस असं मी समजते.

घर आता नव्या पायावर बसलं. बसताना असं काही कण्हलं म्हणे, की आर्वोने टोपी काढली. मग वरच्या मजल्यावर काम सुरू झालं. न्हाणीघरातली जमीन उखडली, मागच्या भिंतीच्या फळ्या काढल्या, आणि तिथे तो पाइप होता. मध्येच बोटभर लांब फुटलेला, वर बाबांनी लावलेली पट्टी. आर्वोने तो माझ्या हातात दिला. मी काय करणार होते त्याचं? गाडीत ठेवून घरी आणला.

मारिटने विचारलं, "याच्यामुळेच गॅरेटमामा गेला?" ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिला पडलेलं छत आठवतं, आणि मोठी माणसं ओरडत होती म्हणून तिने बाहेर बसून चेरी भरलेला एक अख्खा गोड पाय खाल्ला, तेवढं आठवतं. मग मला तिला सगळं सांगावं लागलं. तुलाही लिहिते. माझं काही चुकत असेल तर दुरुस्त कर.

१९८० चा मे. वसाहतीत पाणी सोडून चार दिवस झाले होते. बाबा, तू, मी आणि मुलं आलो. दार उघडलं तर आतून पावसाचा आवाज. बैठकीच्या खोलीचं छत अर्धं खाली आलं होतं आणि खिडकीखालच्या पेटीवर सतत धार पडत होती. त्याच पेटीत आईच्या वह्या होत्या. १९४७ पासूनच्या, दर उन्हाळ्याला एक, एकतीस वह्या. कोण आलं, किती मासे मिळाले, कोणाला ताप आला, गॅरेटने कितव्या दिवशी बूट हरवले. ती जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबा त्या वह्यांना कोणाला हात लावू देत नव्हते. "अजून नाही," म्हणायचे. पेटीचं झाकण उघडलं तेव्हा आत निळा लगदा होता.

बाबा म्हणाले, "घर कोणी बंद केलं होतं?"

तू म्हणालास, "मी. पण नळ उघडे ठेवले होते, मोठा नळ बंद केला होता. शपथेवर सांगतो."

"आता वरचे सगळे नळ घट्ट बंद आहेत. मोठा नळ उघडा आहे. भुतांनी केलं?" मग आवाज ऐकून मुलाला घेऊन धावत आलेल्या राखणदाराकडे बाबा वळले. "लाह्ती, दुसरी किल्ली तुझ्याकडे असते ना?"

तेवढ्यात म्हातारा लाह्ती तुला बाहेर घेऊन गेला. पाच मिनिटांनी तू आत आलास आणि म्हणालास, "मीच विसरलो असेन."

बाबांनी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला तू दुसऱ्यांदा पुरलंस."

तू तुझी बॅग गाडीतून काढलीसुद्धा नव्हतीस. तशीच परत घेऊन गेलास. नंतर तू फोन केलेस, ते बाबांनी उचलले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत. आणि अकरा वर्षांनी ते गेले तेव्हा तू आला नाहीस.

मी मारिटला एवढं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तू काय बोललीस?"

मी काही बोलले नव्हते. बोलायला हवं होतं.

लेना


हॉलंड
१३ जानेवारी २०१३

गॅरेट,

बाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि मी सकाळपासून तिसऱ्यांदा हे पत्र लिहायला बसतेय. आधीची दोन चुलीत गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला माहीत आहे, तेव्हा या वेळी भांडंच पुढे करते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की १९७९ ला मी तिथे नव्हते. ते खोटं.

तू ७ ऑक्टोबरला घर बंद केलंस. मी १३ तारखेला गेले, शनिवारी. डर्कला सांगितलं, मैत्रिणीकडे राहायला चाललेय. मुलं त्याच्यावर सोडली. वसाहतीचं पाणी त्या वर्षी वीस तारखेला बंद होणार होतं, म्हणजे पाणी होतं अजून. मला आईच्या वह्या वाचायच्या होत्या, आणि एकटीने वाचायच्या होत्या. बाबांच्या "अजून नाही"ला मी कंटाळले होते. ती फक्त त्यांची बायको होती का?

मी मोठा नळ उघडला. बैठकीतली शेकोटी पेटवली. वरच्या टबात गरम पाणी भरलं आणि त्यात बसून १९५३ वाचली, तू घशात काटा अडकवून घेतलास ते वर्ष. मग बाहेर येऊन, गोधडी गुंडाळून, पहाटेपर्यंत वाचत बसले. रडले, हसले, दोन्ही. पस्तीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि मी आईचा आवाज ऐकायला चोरासारखी आपल्याच घरात घुसले होते. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दोन दिवस होते, हेही सांगून टाकते.

रविवारी दुपारी निघाले. आणि घाईत, मी घरी हॉलंडला जसं करते तसंच केलं. निघताना सगळे नळ घट्ट बंद केले. एक एक तपासला. वरचा नळ ठिबकत होता, तो तर जोर लावून पिळला. एवढं काळजीपूर्वक मी कधीच घर सोडलं नव्हतं. मोठा नळ बंद करायचा राहिला आणि कोठीचं दार उघडून यादी वाचायची राहिली. जन्मभर ऐकत आलो होतो आपण: शहरात निघताना नळ बंद, पॉइंटवर निघताना नळ उघडे. लहान पोरालाही पाठ होतं. आणि वर्गात मुलांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या मला ते आठवलं नाही.

पाणी वरच्या पाइपात अडकलं, हिवाळ्यात गोठलं, पाइप फुटला. मे महिन्यात पाणी सोडलं, आणि पुढचं तुला ठाऊक आहे.

त्या दिवशी दारात उभी असताना मला पहिल्याच मिनिटाला कळलं. बाबा विचारत होते, कोणी बंद केलं, आणि मी पेटीकडे बघत होते. मी बोलणारच होते. खरंच, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू आत आलास आणि म्हणालास, मीच विसरलो असेन. आणि मी तोंड मिटलं. मग तेच वाक्य मी बत्तीस वर्षं घट्ट धरून बसले. तो स्वतःच म्हणाला ना. खरंच विसरला असेल. मी गेले तेव्हा कदाचित आधीच काही बिघडलं असेल. रात्री झोपेपर्यंत हे पटायचं. सकाळी नाही.

माझ्यामुळे तुझा बाप गेला आणि तुझं घर गेलं. मला क्षमा कर असं म्हणायची हिंमत नाही. पण आता तुला माहीत आहे.

लेना


बर्च पॉइंट
२ मार्च २०१३

गॅरेट,

मी तुझ्यावर प्रचंड चिडले आहे. हे पत्र आपल्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय, अंगात कोट, आर्वोच्या थर्मासमधली कॉफी, आणि तो समोर दारं बसवतोय.

आज सकाळी तो बैठकीतल्या शेकोटीचं धुराडं साफ करत होता. मी सहज म्हटलं, "आर्वो, तुझे वडील त्या दिवशी आमच्याबरोबर आत आले होते ना? त्यांना काय वाटलं होतं, कोणाची चूक?"

तो म्हणाला, "वाटायचं काय बाई? त्यांना माहीतच होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही येऊन गेलात ते. शेकोटीत अर्धं जळलेलं वर्तमानपत्र होतं. तेरा ऑक्टोबरचं. शब्दकोडं सोडवलेलं, हिरव्या शाईने."

मी शाळेतल्या मुलांच्या वह्या हिरव्या शाईने तपासायचे, हे अख्ख्या वसाहतीला माहीत होतं.

"मीच काढलं ते राखेतून," आर्वो म्हणाला. "म्हाताऱ्याने तुमच्या भावाला बाहेर नेऊन दाखवलं. म्हणाला, आता तुमच्या बाबांना दाखवतो, नाहीतर किल्लीवरून माझी नोकरी जाईल. तर तुमचा भाऊ म्हणाला, तुझी नोकरी जाणार नाही, मी माझ्या अंगावर घेतो. कागद खिशात घातला. म्हणाला, तिची पोरं लहान आहेत. तिला माहेर म्हणून एवढा एकच उंबरा आहे. मी काय, कुठेही राहीन."

मी विचारलं, "आणि तुम्ही लाह्तींनी बत्तीस वर्षं मला एका शब्दाने सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलंच नाही." मग दाराची बिजागरी बसवून झाल्यावर म्हणाला, "उन्हाळ्याची माणसं येतात, भांडतात, जातात. आम्ही पाइप बघतो."

म्हणजे जानेवारीत मी रक्त आटवून तुला जे लिहिलं, ते तुला १९८० पासून माहीत होतं! तू ते पत्र वाचून काय केलंस? हसलास? निवडुंगाला पाणी घातलंस? कोणी मागितले होते तुझ्याकडे हे उपकार? पाच मिनिटांत, मला न विचारता, तू ठरवलंस की लेनाला खरं पेलणार नाही. आणि मला ते खरंच पेललं नाही, हे तू तेव्हाच ओळखलंस, याचाच मला राग आलाय. तू दारातून आत आलास तेव्हा माझ्याकडे बघितलं होतंस. मला वाटलं होतं, तू लाजून बघतोयस. तू वाट बघत होतास, हो ना? मी बोलते का याची.

आर्वो म्हणतो, कॉफी गार होतेय.

इतकी वर्षं मी ज्या घरात दर उन्हाळा काढला, मुलांना पोहायला शिकवलं, डर्कला त्याच्या शेवटच्या वर्षी व्हरांड्यात बसवून तळं दाखवलं, ते सगळं तू मला दिलेलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. काय म्हणू मी तुला? रागाचं हे पत्र पाठवतेय, कारण रागाचं पाठवलं नाही तर दुसरं लिहायला जमणार नाही.

ले.


हॉलंड
७ एप्रिल २०१३

प्रिय गॅरेट,

राग उतरला. आता जे लिहायचंय ते तुला माहीत नाही. आर्वोलाही नाही. कोणालाच नाही.

एकतीस वह्या भिजल्या असं सगळे समजतात. तीस भिजल्या. एक मी ऑक्टोबरात पिशवीत घालून घरी आणली होती. १९६१ ची.

ती का आणली ते तुला वाचूनच कळेल, पण आधी मी सांगते, म्हणजे पळवाट राहणार नाही. त्या वर्षीची शेवटची रात्र आठव. आपण चौघं पत्त्यांचा युकर खेळत होतो, मी आणि बाबा एका बाजूला, तू आणि आई दुसऱ्या. शेवटच्या डावात मी हुकमाचा गुलाम, युकरमधलं सगळ्यात भारी पान, आधीच स्कर्टखाली दडवून ठेवला होता आणि वेळेवर काढला. तू उठून ओरडलास, "ही लबाडी करते! मी बघितलं!" बाबा म्हणाले, "हरल्यावर रडू नये." तू पत्ते फेकलेस आणि व्हरांड्यात जाऊन झोपलास. तेरा वर्षांचा होतास.

आईने दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलंय, बाबांना नेहमीसारखं नावाने 'यान' म्हणत. मी जसंच्या तसं उतरवते:

"गॅरेट म्हणतो लेनाने गुलाम लपवला. मला वाटतं तो खरं बोलतो. यानला मी काही म्हटलं नाही, लेनालाही नाही. ती मोठी मुलगी आहे. ती आपणहून सांगेल."

मी हे १९७९ च्या ऑक्टोबरात वाचलं, तेव्हा पहाटे शेकोटी विझली तरी उठले नाही. मला ते पान फाडायचं होतं. फाडवेना, म्हणून अख्खी वहीच उचलली. आणि सात महिन्यांनी त्याच घराच्या दारात, तेच सगळं पुन्हा माझ्यासमोर आलं. तू खरं बोलत होतास, बाबा तुझ्यावर ओरडत होते, आणि मला आपणहून सांगायचं होतं. वही तेव्हा हॉलंडला माझ्या कपाटात, हिवाळ्याच्या चादरींखाली होती.

आता खरं सांगायचं ते. १९९१ ला बाबा शेवटचे महिनाभर इस्पितळात होते. बोलणं कमी झालं होतं. एके दिवशी दुपारी मला म्हणाले, "लेना, तुझ्या आईचं, जोहानाचं, अक्षर कसं होतं गं? डोळ्यांसमोर आणतो, येत नाही. उजवीकडे झुकायचं की डावीकडे?"

मी म्हटलं, "उजवीकडे, बाबा."

इस्पितळ ते माझं घर वीस मिनिटांचा रस्ता. मी उठून वही आणू शकले असते. त्यांना एक अख्खा उन्हाळा वाचून दाखवता आला असता. पण वही दाखवली असती तर त्यांनी विचारलं असतं, ही वाचली कशी? मी त्यांचा हात धरून बसून राहिले. पुढच्या आठवड्यात ते गेले, आणि त्यांच्या लेखी तिची एक ओळही या जगात उरली नव्हती.

पाइपाचं तू अंगावर घेतलंस. हे कोणी घेऊ शकत नाही. घ्यावं असं मला वाटतही नाही. फक्त हे कोणाला तरी माहीत असावं, आणि ते तूच असावास.

वही या पाकिटात आहे. आता तुझी. शेवटच्या पानावर नेहमीप्रमाणे सगळ्यांची एकेक ओळ आहे. बाबा: "मासे कमी, डास फार." आई: "चेरी उत्तम, जाम एकोणीस बाटल्या." मी: "मजेदार उन्हाळा." काय पण ओळ! आणि खाली आईने तुझं नाव लिहून दोन टिंबं दिली आहेत, आणि पुढे कोरं आहे. तू त्या सकाळी गाडीत जाऊन बसला होतास, लिहायला आलाच नाहीस. आईने जागा सोडून ठेवली.

अठराला पाणी सोडतील. तू येशील असं आता मी म्हणत नाही. म्हणायचा हक्क मी घालवलाय. पण घर छान झालंय. जाळीचं दार अजून तसंच आपटतं. मारिटने आर्वोला बजावलं होतं, नवं दार बसव पण आवाज जुना हवा, आणि त्याने तीन वेळा स्प्रिंग बदलली.

लेना


बर्च पॉइंट
१६ मे २०१३

प्रिय गॅरेट,

वही परत आली. पाकिटात दुसरं काही नव्हतं, चिठ्ठीसुद्धा नाही, आणि पाकीट फोडताना मला वाटलं, संपलं. याने वही ठेवूनसुद्धा घेतली नाही.

मारिट म्हणाली, "आई, आधी उघडून तर बघ!" मी काही उघडेना. तिनेच शेवटचं पान काढून माझ्यासमोर धरलं. तिचा आवाज बदलला होता म्हणून मी चष्मा लावला.

आईच्या दोन टिंबांपुढे तुझं अक्षर. अजून तसंच, तेरा वर्षांच्या पोरासारखं, ओळीबाहेर जाणारं. आणि ते आईसारखं उजवीकडे झुकतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"गॅरेट: लेनाने गुलाम लपवला होता, हे मी त्याच रात्री सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खेळू. पत्ते मी पिसणार."

मी स्वयंपाकघरातच खाली बसले. आर्वो आत आला, आम्हा दोघींना रडताना पाहून म्हणाला, "पाइप फुटला?" मारिटने त्याला वही दाखवली. त्याने सावकाश वाचलं, टोपी काढली, आणि वर जाऊन टबाचा नळ पुन्हा एकदा तपासून आला.

पत्त्यांचं टेबल खिडकीपाशी मांडलंय, जिथे वह्यांची पेटी होती तिथे. मी, तू, मारिट, आणि चौथा आर्वो. त्याला विचारलं, खेळता येतं का? म्हणाला, बघू या. तुझा भिडू तो. माझी जागा तुझ्या शेजारी ठेवलीय, हात टेबलावर दिसतील अशी.

परवा सकाळी दहाला पाणी सोडतात. तोवर सगळे नळ उघडे आहेत.

तुझी
लबाड लेना